शहाण्णव टक्के लक्ष

आमच्या कारखान्यात कोणाचा कोणावर जीव आहे, हे दर सोमवारी सकाळी साडेआठला फाटकाजवळच्या फलकावर लागत असे. मी गंमत करत नाही. कायद्यानेच तशी सोय केली होती.

मी नीलिमा बेहेरे. धामणखोल औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. धोक्याचं काम निघालं की त्याचं परमिट करायचं आणि खाली सही ठोकायची, हा माझ्या नोकरीचा गाभा. परमिट म्हणजे चाळीस ओळींचं पान. टाकीत माणूस उतरणार असेल तर टाकी रिकामी केली का, धुतली का, वीज तोडली का, आतला प्राणवायू मोजला का, तोंडाशी राखणीला माणूस आहे का. हे सगळं मी नोकरीला लागले तेव्हाही होतं. तरी अपघात व्हायचे, कारण सही करणारा चाळीस ओळी वाचत नाही. तिसऱ्या ओळीनंतर त्याचा हात आपोआप चालतो आणि डोकं घरी गॅस बंद केला का याचा विचार करतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण चारचौघांत कोणी कबूल करत नसे.

मग दोन हजार अडतीस साली अपघात प्रतिबंधाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि आमच्या कानामागे सासू येऊन बसली.

सरकारी नाव अवधानमापक. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. ओळखीची वस्तू पाहताना मेंदू कामचुकारपणा करतो. समोर काय असणार याचा अंदाज त्याच्याकडे तयार असतो आणि बऱ्याचदा तो त्यावरच भागवून नेतो. डोळे वस्तूवर असतात, दिसतं मात्र आठवणीतलं. क्वचित कधी मेंदू नीट काम करतो, अंदाज आणि समोरची वस्तू ताडून बघतो. तसं झालं की कानामागच्या हाडापाशी विजेची एक बारीक लय उठते. रुपयाएवढी चकती तिथे चिकटवली की ती लय पकडते आणि शून्य ते शंभर असा आकडा दाखवते. आकडा सत्तरच्या खाली असेल तर टॅबवरची ती ओळ हिरवी होत नाही, आणि सगळ्या ओळी हिरव्या झाल्याशिवाय सही उमटत नाही. कुठलीच गोष्ट विश्वासावर सोडत नाही म्हणून कामगारांनी तिचं नाव सासू ठेवलं. मी स्वतः सासू आहे, पण मला ते पटलं.

पहिल्या वर्षी अपघात निम्म्यावर आले. दुसऱ्या वर्षी कामं तुंबली. माणसाचं लक्ष काही नळाचं पाणी नाही. चौथ्या परमिटला ते संपतं. आम्ही एकेका ओळीकडे डोळे फाडून बघत बसायचो आणि ओळ ढिम्म हिरवी व्हायची नाही. तेव्हा कोणा आकडेतज्ज्ञाच्या ध्यानात आलं की तोच अधिकारी, तीच वेळ, तेच पान, पण आत अमुक एक माणूस उतरणार असेल तर आकडा एकदम पंचवीसने चढतो. ज्याची काळजी वाटते त्याचं परमिट माणूस खरोखर वाचतो. झालं. पुढच्या दुरुस्तीत नियम आला की आत उतरणाऱ्याचं परमिट, ज्याचा आकडा त्याच्यासाठी सगळ्यात जास्त चढतो, त्यानेच करावं. याला जोडणी म्हणत आणि तिची यादी सोमवारी लागे.

त्या यादीने आमची पार शोभा केली. दोन युनियनचे दोन पुढारी, जे एकमेकांचं तोंड पाहत नसत, ते ब्याण्णव आकड्याने जोडले गेले. मॅनेजरसाहेबांसाठी कोणाचाही आकडा एकसष्टच्या वर जाईना. त्यांना कधी टाकीत उतरावं लागत नसे, तरी त्यांच्या मनाला ते फार लागलं. महिनाभर ते सगळ्यांशी गोड वागले आणि आकडा अठ्ठावन्नवर आला.

आणि एका सोमवारी यादीत ओळ दिसली: गंगाराम शिगवण, नीलिमा बेहेरे, चौऱ्याण्णव. फलकासमोर हशा पिकला. गंगाराम आणि मी अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हतो.

गंगाराम आमचे सगळ्यात जुने फिटर. माझ्या मुलीने, केतकीने, त्यांच्या संकेतशी लग्न केलं. आमच्या घरात थोडी कुरबूर झाली, त्यांच्याही घरात झाली असणार. पण मी मनातून खूश होते. त्या माणसाला मी एकोणीस वर्षं ओळखत होते. कितीही घाई असली तरी एक बोल्ट अर्धवट आवळून तो कधी घरी गेला नाही. असल्या बापाच्या मुलाच्या हाती मुलगी द्यायला मला भीती वाटली नाही.

घोळ पत्रिकेत झाला. गंगारामांची बायको सुभद्रा तीन वर्षांपूर्वी गेली होती. पत्रिकेत "कै. सौ. सुभद्रा व श्री. गंगाराम शिगवण यांचे चिरंजीव" असं छापायचं ठरलं होतं. छापून आलं ते फक्त "श्री. गंगाराम शिगवण यांचे चिरंजीव". गंगारामांना ते कळलं ग्रामदेवतेच्या देवळात. पहिली पत्रिका त्यांनी देवीपुढे ठेवली आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवली. वाचता वाचता बायकोचं नाव आलंच नाही.

मी म्हणाले, छापखान्याची चूक. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये, मी चार हातांवर उभी असताना, ते मिनाझ परकारला म्हणाले, "ज्यास्नी पत्रिका वाचता येत नाय, त्या परमिट काय वाचनार?"

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीवर ते बोलणं होतं. मी बोलणं टाकलं. त्यांनीही टाकलं. लग्नात आम्ही दोघांनी मिनाझला मध्ये उभं करून अक्षता टाकल्या.

मिनाझ टाकीच्या तोंडाशी राखणीला असते. शांत, पोक्त बाई. तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. अकरा महिने आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चाललं होतं. "मिनाझ, यांना सांग." "मिनाझ, त्यास्नी म्हनावं." एकदा ती म्हणाली, "मी मेले तर तुम्ही दोघं काय खुणा करणार का?" आम्ही दोघांनी दोन दिशांना पाहिलं.

या अबोल्यात एक गोष्ट हरवली आणि ती हरवल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आमच्या रिअ‍ॅक्टरांना नायट्रोजनची लाइन असते. आग लागू नये म्हणून रसायनांच्या या टाक्यांत नायट्रोजन भरून ठेवतात. नायट्रोजन विषारी नाही, त्याला वास नाही, आपल्या हवेत तोच सगळ्यात जास्त असतो. म्हणूनच तो वाईट. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं ते आत कर्बवायू साठल्यामुळे; प्राणवायू संपल्याचं शरीराला कळतच नाही. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत माणूस तक्रार न करता दोन-तीन श्वास घेतो आणि खाली बसतो. तेव्हा कोणी आत उतरणार असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळू शकतो. लाइनचा जोड सोडून मध्ये पोलादाची जाड चकती अडकवतात. तिला ब्लाइंड म्हणतात. तिचं लाल शेपूट बाहेर दिसतं आणि त्यावर रिअ‍ॅक्टरचा नंबर रंगवलेला असतो.

परमिट पुरं झाल्यावर, शिडीच्या पहिल्या दांड्यावर पाय ठेवून, गंगाराम दर वेळी मला विचारायचे, "बाई, ब्लाइंड सोता बगितलीत?" आणि मी म्हणायची, "बघितली, गंगाराम. नंबर चार, लाल शेपूट, चार बोल्ट." किंवा जे असेल ते. नवीन अधिकाऱ्यांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटे. मला कधी वाटला नाही. दोनदा तर तो प्रश्न ऐकून मी परत जाऊन पाहिलं आणि दोन्ही वेळा काही ना काही निघालं. हा प्रश्न चाळीस ओळींत नव्हता, कुठल्या नियमात नव्हता. तो आमच्या दोघांतला होता, आणि असला प्रश्न तिसऱ्याच्या तोंडून विचारता येत नाही. मिनाझने कशी विचारावी इन्चार्ज बाईची परीक्षा?

मार्चमधल्या एका गुरुवारी रिअ‍ॅक्टर चारमधलं ढवळणीचं सील बदलायचं होतं. गंगाराम उतरणार, मी सही करणार. सकाळी दहाला आम्ही तिघं दुसऱ्या मजल्यावर उभे होतो.

"मिनाझ, यांना विचार, हार्नेस घट्ट आहे का."

"घट हाय म्हनावं," गंगाराम मिनाझला म्हणाले.

घट्ट होता, पण कसा, ते मी पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकात ओढला होता. मागच्या वर्षी तो तिसऱ्या भोकात बसायचा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, गाल आत गेलेले. केतकी पुण्याहून फोनवर म्हणाली होती, सासरे रात्री बहुतेक काही जेवत नाहीत. मी ओळी वाचत होते आणि हिशोब करत होते की दोन भोकं म्हणजे किती किलो. नायट्रोजनच्या ओळीपाशी वर पाहिलं. पाइपांच्या गर्दीत लाल शेपूट दिसलं. ओळ हिरवी झाली. सगळ्या ओळी भराभर हिरव्या झाल्या. प्राणवायू वीस पूर्णांक नऊ, जितका हवा तितका.

गंगारामांनी दांड्यावर पाय ठेवला. क्षणभर थांबले. मला वाटलं, विचारणार. मग ते मिनाझकडे बघून मान हलवून आत उतरले.

मी खाली टेबलाशी आले आणि इतर कामांत तासभर गेला. टॅबवर सरासरी आकडा आला होता, शहाण्णव. कारखान्यातला आजवरचा सगळ्यात मोठा. मला भलताच आनंद झाला. ज्यांना परमिट वाचता येत नाही म्हणे! कोणाला तरी हे दाखवावं असं वाटलं, आणि ज्याला दाखवावं असं वाटलं तो नेमका टाकीत होता. मी मनातल्या मनातच त्यांचा प्रश्न विचारला आणि सवयीने उत्तर द्यायला गेले. नंबर...

नंबर आठवेना.

बोल्ट किती, तेही आठवेना. डोळे मिटले तर पट्टा दिसायचा, शेवटचं भोक, दोऱ्याने बांधलेली काडी. पट्ट्याची शिवण कुठे उसवली आहे ते मी सांगू शकले असते. ब्लाइंडचं फक्त लाल आठवत होतं. आणि चार नि पाच नंबरच्या नायट्रोजनच्या लाइनी एकाच मुख्य नळातून, हेडरमधून, निघून वर अगदी शेजारी शेजारी जातात.

अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. पाच नंबरला आज नायट्रोजन द्यायचा होता. मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"पाचला नायट्रोजन दिलात का?"

"आत्ताच दिला, मॅडम. पण प्रेशर चढत नाहीये. म्हणून जरा जास्त सोडलाय."

प्रेशर चढत नव्हतं, कारण ब्लाइंड पाचच्या लाइनीवर होती. मग गॅस चारच्या गळक्या व्हॉल्व्हमधून गंगारामांच्या टाकीत चालला होता.

"हेडर बंद करा. आत्ताच्या आत्ता," म्हणून मी फोन टाकला आणि पळाले. छत्तीस पायऱ्या. माझे गुडघे त्या दिवशी दुखल्याचं मला आठवत नाही.

मिनाझ टाकीच्या तोंडाशी बसली होती. दोरीने आत सोडलेल्या प्राणवायूच्या मीटरवर वीस पूर्णांक तीन. मग वीस पूर्णांक दोन. साडेएकोणीसला तो ओरडतो.

"गंगाराम, वर या," मी म्हणाले.

खाली त्यांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मिनाझकडे पाहिलं. अकरा महिन्यांची सवय. "काय म्हनतात त्या?"

"वर या म्हणतात, काका."

"येक बोल्ट ऱ्हायलाय. दोन मिंटं म्हनावं."

अर्धवट बोल्ट सोडून येणारा तो माणूसच नव्हता. मी गुडघ्यांवर बसले. तोंड आत घालायला लागले तशी मिनाझने मला खांद्याला धरून मागे ओढलं. मी कडेवरूनच म्हणाले, "गंगाराम, ब्लाइंड मी बघितली नाही."

पाना खाली टाकल्याचा आवाज आला. ते शिडीवर चढू लागले. बारा दांडे. सातव्यावर असताना मीटर ओरडायला लागला. नवव्यावर त्यांचा हात सुटल्यासारखा झाला; मिनाझने आणि मी हार्नेस धरून ओढला, आणि तिघंही मजल्याच्या लोखंडी जाळीवर आपटलो. ते श्वास घेत पडून राहिले. मीटर आतच होता. अठरा, सोळा, तेरा. तेरावर तो स्थिर झाला.

झालं ते एवढंच. भोंगा वाजला नाही, पेपरात बातमी आली नाही. मिनाझ पाणी आणायला गेली. मला वाटतं, ती मुद्दाम सावकाश गेली.

गंगारामांनी उठून बसत विचारलं, "आकडा किती व्हता?"

"शहाण्णव."

"मंग बगत काय व्हतात?"

"तुमचा पट्टा. शेवटच्या भोकात आलाय. जेवत का नाही तुम्ही?"

ते पट्ट्याकडे बघत राहिले. "एकट्याचं शिजवायचा कंटाला येतो," म्हणाले.

मला रडू आलं. टेकायला काही नव्हतं म्हणून चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरला टेकून मी रडले. मग जे अकरा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. "पत्रिकेचं प्रूफ मीच पाहिलं होतं. दोन शिफ्टच्या मध्ये, उभ्या उभ्या. सुभद्राताईंचं नाव मला तिथे दिसलं होतं, कारण ते तिथे असणार हे मला माहीत होतं. छापखान्याचा दोष नव्हता. चुकले मी."

"म्हाईत हाय," गंगाराम म्हणाले. "छापखान्यात मी गेलेलो. प्रूफावर तुमची सही व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"नाव ऱ्हायलं त्याचं वाईट वाटलं. चूक व्हते मानसाची. पन तुमी ती दुसऱ्यावर ढकललीत. मला वाटलं, ह्या बाई अशा नव्हत्या." मग म्हणाले, "मी बी बोललो ते वंगाळच बोललो."

आमच्याकडे अपघात थोडक्यात टळला तर त्याची नोंद करायची असते. बहुतेक जण ती करत नाहीत. मी माझ्या हाताने केली. आठवड्याने कारखाने निरीक्षक आल्या, केतकीच्या वयाच्या. त्यांनी टॅब चारदा तपासला.

"शहाण्णव आकडा असताना चूक कशी होईल?" त्यांनी विचारलं.

"लक्ष होतं," मी म्हणाले. "ब्लाइंडवर नव्हतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चकतीला लक्ष किती आहे ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही, हे त्यांना माझ्याही आधी समजलं असावं. आम्ही जीव लावणारी माणसं शोधून एकमेकांसमोर उभी केली होती. मग ती एकमेकांकडेच बघणार. माझे सहीचे अधिकार तीन महिने काढून घेतले. ते योग्यच झालं. सोमवारची यादी बंद झाली, मॅनेजरसाहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. आणि जूनपासून परमिटला एक्केचाळिसावी ओळ लागली: आत जाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने विचारावे, तुम्ही स्वतः पाहिलेत का, सही करणाऱ्याने काय पाहिले ते सांगावे. ओळ मसुद्यात आली तेव्हा निरीक्षकबाईंनी मला फोन केला आणि हा प्रश्न मूळचा कोणाचा, असं विचारलं. मी गंगाराम शिगवण हे नाव अक्षर अक्षर करून सांगितलं.

तेव्हापासून मी दुपारचा डबा दोघांचा नेते. आधी ते नको नको म्हणाले. मी म्हणाले, पट्टा तिसऱ्या भोकात येईपर्यंत.

केतकीला मुलगी झाली. बारसं आमच्याकडे. या वेळी पत्रिकेचा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः टाइप केला, प्रूफ तीनदा वाचलं. तरी छापायला दिलं नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये डबे संपल्यावर गंगारामांपुढे ठेवलं.

"एक परमिट आहे," मी म्हणाले.

त्यांनी हात धुऊन पुसले. चष्मा लावला, काडी आता नवी होती. मग देवीपुढे वाचतात तसं, एकेका शब्दाखाली बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागले. तारीख. वार. वेळ. प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायची, "बघितली."

"आजी-आजोबा," त्यांनी वाचलं. "कै. सौ. सुभद्रा व श्री. गंगाराम शिगवण."

बोट तिथेच राहिलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पेला आपटला. मिनाझ हातातला घास धरून आमच्याकडे बघत होती.

"बाई, सोता बगितलीत?"

"बघितली, गंगाराम. सातवी ओळ, पहिलं नाव, ठळक अक्षर."

त्यांनी मान हलवली, नाक ओढलं आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. "श्री. विनायक बेहेरे." पुढे काही नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"आनि तुमचं नाव कुटं हाय?"

मी कागद ओढून घेतला. तिथे फक्त आमच्या यजमानांचं नाव होतं. सुभद्राताईंचं नाव बरोबर आहे ना, हे बघण्यात मी तीनदा तो कागद वाचला होता आणि तिन्ही वेळा माझं नाव मला तिथे दिसलं होतं.

मिनाझ हसायला लागली ती थांबेना. मी खिशात पेन शोधत होते. गंगारामांनी ते शोधू दिलं नाही. वरच्या खिशातलं स्वतःचं पेन काढलं, कागद टेबलावर सरळ केला, आणि जोर देऊन, वळणं घेत, यजमानांच्या आधी लिहिलं: सौ. नीलिमा व. मग कागद माझ्याकडे फिरवला.

"आता बगा, विहीणबाई," ते म्हणाले. "सोता."